दोन रकान्यांबाहेरचा कारखाना

व्यवस्थापनावरच्या पुस्तकांत, कारखान्यांतल्या प्रशिक्षणवर्गांत आणि वाणिज्य शाखेच्या टिपणांत दोन रकान्यांचा एक तक्ता हटकून भेटतो. डाव्या रकान्याचे शीर्षक ‘अमेरिकन पद्धत’, उजव्याचे ‘जपानी पद्धत’. डावीकडे लिहिलेले असते : व्यक्तीला महत्त्व, झटपट निर्णय, नोकरीची शाश्वती नाही, कच्च्या मालाचा मोठा साठा, माल तयार झाल्यावर तपासणी. उजवीकडे बरोबर याच्या उलट : गटाला महत्त्व, सर्वांच्या संमतीने निर्णय, जन्मभराची नोकरी, साठा जवळजवळ नाही, काम चालू असतानाच तपासणी. तळाशी निष्कर्ष ठरलेला. जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, कष्टाळू आणि आज्ञाधारक असल्याने त्याचा माल चांगला; अमेरिकन माणूस स्वतःपुरते पाहणारा म्हणून तो मागे पडला. मग शिक्षक किंवा व्याख्याते मुलांना सांगतात, ‘आपणही जपान्यांसारखे व्हायला हवे.’

या तक्त्याला आमचा आक्षेप आहे. त्यातील नोंदी साफ खोट्या आहेत असे नव्हे. पुष्कळशा खऱ्याच आहेत. पण दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की त्यांचे कारण सांगितल्यासारखे वाटते, आणि तसे ते सांगितलेले नसते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी इथे सावध व्हायला हवे. ‘जपानी स्वभाव’ हे कारण तपासता येत नाही, बदलता येत नाही आणि आपल्या वर्गातल्या मुलांना त्याचा काही उपयोगही नाही. शिवाय हा तक्ता एक महत्त्वाचा प्रश्न पूर्णपणे वगळतो. तो प्रश्न मावळातल्या मुलांच्या आयुष्याशी थेट जोडलेला आहे. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या शाळांतली कितीतरी मुले पुढे आयटीआय करून याच पट्ट्यातल्या कारखान्यांत जातात. तेव्हा हा विषय आपल्याला फक्त परीक्षेपुरता नाही.

मावळात आलेली विद्या

जपानी आणि अमेरिकन औद्योगिक विद्या मावळात नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा पैसा गोळा करून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तिथे काचेचे तंत्र शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे आधी जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आलेले होते. म्हणजे दोन्ही रकाने एका माणसाच्या डोक्यात एकत्र नांदत होते, आणि त्यातून तळेगावात काच तयार होत होती.

बरोबर शंभर वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, त्याच तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढे त्याचे काय झाले हे आपण शेवटी पाहू. आधी तक्ता कुठून आला ते पाहिले पाहिजे.

तक्त्याचा जन्म

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले. कमी पेट्रोल खाणाऱ्या छोट्या जपानी मोटारींना अमेरिकेत गिऱ्हाईक मिळू लागले. १९८० साली मोटारींच्या उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकले. अमेरिकेला हा मोठा धक्का होता. ‘हे घडले कसे?’ या प्रश्नावर तिथे पुस्तकांचा पाऊस पडला. विल्यम औची यांचे ‘थिअरी झेड’ आणि पास्काल व अ‍ॅथॉस यांचे ‘द आर्ट ऑफ जॅपनीज मॅनेजमेंट’ ही दोन्ही १९८१ सालची. या पुस्तकांनी जपानी कंपनीतले आपलेपण, दीर्घ मुदतीचा विचार, सामूहिक जबाबदारी यांवर भर दिला. त्यांचे लेखक सावध होते. पण वाचणाऱ्यांनी त्यातून ‘संस्कृती’ एवढाच एक शब्द उचलला आणि आपला तक्ता तयार झाला.

या मालिकेतले सर्वांत भक्कम पुस्तक म्हणजे वोमॅक, जोन्स आणि रूस यांचे १९९० सालचे ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’. त्याचे मोठेपण असे, की त्याने स्वभावाच्या गप्पा बाजूला ठेवून मोजमाप केले. जगभरातल्या सुमारे नव्वद मोटार कारखान्यांची पाहणी त्यामागे होती. त्यातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात एक मोटार जुळवायला ३१ मनुष्यतास लागत. जपानमधल्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात १६. फ्रेमिंगहॅमच्या शंभर मोटारींमागे सुमारे १३० दोष आढळत, ताकाओकाच्या शंभरांमागे ४५. सुट्या भागांचा साठा फ्रेमिंगहॅमला दोन आठवडे पुरेल एवढा, ताकाओकाला दोन तास.

दोन आठवडे आणि दोन तास! वेग आणि निर्दोषपणा यांची नेहमी ओढाताण असते, एक हवा तर दुसऱ्याला मुरड घालावी लागते, अशी आपली समजूत असते. इथे एकाच कारखान्यात दोन्ही गोष्टी चांगल्या होत्या, तेही कमी साठ्यावर. याचे कारण काय? ते समजायला थोडे गणित पुरते.

थोडे गणित आणि थोडी चिक्की

समजा, एखादी वस्तू तयार करायला शंभर टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरातले नव्याण्णव काम बिनचूक होते. नव्याण्णव टक्के म्हणजे शाळेत आपण पाठ थोपटू. पण शंभरही टप्पे बिनचूक पार पडण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे साधारण ०.३७ येते. शंभरातल्या फक्त ३७ वस्तू निर्दोष. बाकी ६३ मध्ये कुठे ना कुठे खोट. हेच प्रत्येक टप्प्यावर हजारातले ९९९ काम बिनचूक झाले, तर शंभरातल्या नव्वदाहून अधिक वस्तू निर्दोष निघतात. शेवटी कितीही कडक तपासणी ठेवली तरी ती ६३ वस्तू बाजूला काढील. त्यांचे ३७ व्हायला मदत करणार नाही. सुधारणा व्हायला हवी ती टप्प्यावर.

आता साठ्याचे पाहा. समजा, एका कारखान्यात दिवसाच्या आठ तासांत २४० मोटारी निघतात आणि दरवाजे ठोकणाऱ्या यंत्रात बिघाड झाला. दरवाज्यांचा साठा बारा कामाच्या दिवसांचा असेल तर वाकडा दरवाजा मोटारीला बसवताना कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत २८८० वाकडे दरवाजे तयार झालेले असतील. साठा दोन तासांचा असेल तर फक्त ६०. शिवाय दोन तासांपूर्वी यंत्रावर काय बदल झाला हे कारागिराला आठवते. बारा दिवसांपूर्वीचे कोणालाच आठवत नाही. साठा हा चुकीवरचे पांघरूण असतो. साठा कमी करण्यात जागेचे भाडे वाचते हा दुय्यम फायदा. मुख्य फायदा असा की चूक तिच्या कारणाजवळच सापडते.

लोणावळ्यात हे समजावून सांगायला मोटारीही नकोत. चिक्कीचा पाक करणारा गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतो. तो कडक होऊन कट्‍कन मोडला की पाक झाला. थेंब चिवट राहिला तर अजून आच हवी. पाक कच्चा असताना शेंगदाणे घातले आणि थापून वड्या पाडल्या, की मग ती चिक्की दाताला चिकटणारच. दुकानातल्या तपासनिसाने ती बाजूला काढली तरी तिचा पाक आता पक्का होणार नाही. तपासणी करायची ती कढईपाशी, आणि ढवळणाऱ्यानेच. शिवाय पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून चिक्की मऊ पडते. म्हणून गर्दीचा अंदाज चुकवून केलेला मोठा साठा म्हणजे मोठे नुकसान. हे सगळे समजायला जपानी स्वभाव लागत नाही; कढई आणि पावसाळा पुरतो.

मुळे एकमेकांत गुंतलेली

कल्पनांचा इतिहास पाहिला तर तक्त्याच्या मधली उभी रेघ जागोजाग पुसली जाते.

फ्रेडरिक टेलर यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ १९११ चे. बारावीला वाणिज्य घेणाऱ्या विद्यार्थ्यांना टेलरसाहेब परिचयाचे असतात. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात सरकता पट्टा आला आणि मोटारीचा सांगाडा जुळवण्याचा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. पण त्या कंटाळवाण्या कामावर माणसे टिकेनात. त्या एका वर्षात कामगारांच्या ये-जाचे प्रमाण ३७० टक्के होते. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षात पावणेचारशेच्या आसपास माणसे घ्यावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले ते या पार्श्वभूमीवर.

गुणवत्तेचे शास्त्रही अमेरिकेतच जन्मले. १९२४ साली बेल कंपनीतले वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-आलेख मांडला. कोणत्याही कामात थोडी कमी-जास्त होतेच. तिच्यातली नेहमीची कमी-जास्त कोणती आणि खास कारण शोधावे अशी कोणती, हे आलेखावरून ओळखायचे ही ती युक्ती. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे शूहार्ट १९४७-४८ साली प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. त्यांचे अनुयायी एडवर्ड्स डेमिंग यांची जपानमधली गुणवत्तेवरची प्रसिद्ध व्याख्याने १९५० ची. म्हणजे ही विद्या शिकवायला तिचा जनक आपल्याकडे आधी आला! आपल्याकडे ती बराच काळ संख्याशास्त्रज्ञांच्या आणि तपासणी खात्याच्या हाती राहिली. जपानात ती यंत्राजवळच्या मुकादमापर्यंत आणि पुढे कामगारापर्यंत पोचली. १९६२ पासून तिथे गुणवत्ता मंडळे सुरू झाली आणि कामगार स्वतः आलेख काढू लागले. फरक पडला तो इथे.

उलट दिशेनेही पाहू. टोयोटाचे मूळ मागाच्या कारखान्यात आहे. साकिची टोयोडा यांच्या १९२४ सालच्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्य असे की धागा तुटला की माग आपोआप थांबे. माग थांबतो म्हणून सदोष कापड विणले जात नाही, आणि एक माणूस अनेक मागांवर लक्ष ठेवू शकतो. ‘चूक झाली की थांब’ हे तत्त्व तिथून मोटारींकडे आले. १९५० साली एइजी टोयोडा अमेरिकेत जाऊन फोर्डचा कारखाना बारकाईने पाहून आले. ताइची ओनो यांना साठा कमी करण्याची युक्ती अमेरिकन सुपरमार्केटवरून सुचली : फळीवरचा माल गिऱ्हाइकाने उचलला की तेवढाच परत भरायचा. यातून कानबान, म्हणजे मालाबरोबर फिरणारी चिठ्ठी, आली. पुढच्या टप्प्यावरून रिकामी चिठ्ठी आली तरच मागच्याने माल करायचा.

अमेरिकन आलेख, जपानी माग, अमेरिकन दुकान. मग ‘जपानी पद्धत’ कशाला म्हणायचे?

फ्रीमाँटचा प्रयोग

एखादे कारण खरे की खोटे हे ठरवायचे तर बाकी गोष्टी तशाच ठेवून एक गोष्ट बदलून पाहावी, असे आपण मुलांना शिकवतो. उद्योगाच्या इतिहासात अशी संधी क्वचित येते. ती कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट येथे आली.

तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि सदोष मालासाठी बदनाम होता. १९८२ साली तो बंद झाला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच घेतले, संघटनाही जुनीच. चालवण्याची पद्धत टोयोटाची. दोन-तीन वर्षांत एक मोटार जुळवायला लागणारे तास १९ वर आले आणि शंभर मोटारींमागचे दोष ४५ वर, म्हणजे थेट ताकाओकाच्या बरोबरीला. तीच अमेरिकन माणसे! स्वभावाचा सिद्धांत इथे कोसळतो.

तिथे पट्ट्याच्या कडेने एक दोरी होती. काही चुकते आहे असे वाटले तर कुठल्याही कामगाराने ती ओढायची. गटप्रमुख धावत येतो. वेळेत दुरुस्त झाले नाही तर पट्टा थांबतो. आधीच्या कारखान्यात पट्टा थांबवणे हा मोठा अपराध समजला जाई. खोट असलेली मोटार तशीच पुढे जाई आणि मागाहून आवारात दुरुस्त होई.

आता या प्रयोगाकडेही आपण टीकाकाराच्या नजरेने पाहिले पाहिजे. इथे खरोखर एकच गोष्ट बदलली होती का? नाही. या माणसांनी दोन वर्षे बेकारी पाहिली होती, ही एक. दुसरी अधिक महत्त्वाची : नव्या करारात कंपनीने असे कबूल केले होते की मंदी आली तरी सहसा कामगार कमी करणार नाही, आधी इतर काटकसर करील. १९८७-८८ मध्ये मागणी घटली तेव्हा कामगारांना घरी पाठवण्याऐवजी प्रशिक्षणाला आणि कामातल्या सुधारणांना लावले गेले. दोरी सर्वांना दिसते. तिच्यामागचे हे वचन फोटोत येत नाही.

आमच्या मते सगळ्या विषयाची गोम इथे आहे. दोरी ओढणे म्हणजे ‘इथे चूक आहे, कदाचित माझीच’ असे चारचौघांत सांगणे. काम सोपे करण्याची युक्ती सुचवणे म्हणजे ‘इथे चारऐवजी तिघे पुरतील’ असे सांगणे. चौथा माणूस उद्या घरी जाणार असेल, आणि तो आपणच असू शकतो, तर असे कोण सांगेल? चूक उघड करणाऱ्याचे नुकसान होणार नाही ही हमी असेल तरच चूक उघड होते. चूक उघड झाली तरच ती कारणापाशी दुरुस्त होते. दोरी, चिठ्ठी, आलेख ही या हमीवर उभी राहणारी साधने आहेत.

उजव्या रकान्यात न लिहिलेले

ही हमी जपानला संस्कृतीतून मिळाली नाही, भांडून मिळाली. १९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपातीवरून संप झाला. पुष्कळ माणसे गेली आणि कंपनीचे अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनाही पायउतार व्हावे लागले. राहिलेल्यांना नोकरीची शाश्वती मिळाली आणि त्यांनी कामाच्या बाबतीत लवचीक राहायचे मान्य केले. ओनो यांच्या सगळ्या सुधारणा या तडजोडीनंतर बहरल्या.

आणि ही हमी सर्वांना नव्हती. पत्रकार सातोशी कामाता १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून राहिले आणि १९७३ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यात पट्ट्याचा वाढता वेग आणि थकून काम सोडून जाणारी माणसे आहेत. ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ वाचून झाल्यावर हेही वाचावे. एकाच कारखान्याची दोन टोके दिसतात. पहिल्या पुस्तकातली आमची मुख्य उणीवही हीच : ते तास आणि दोष काटेकोर मोजते, पण कंत्राटी आणि हंगामी माणसाला दोरी ओढायची किती मुभा आहे हे मोजत नाही.

भारतात मारुतीच्या कारखान्यात १९८३ पासून साहेब आणि कामगार यांचा एकच गणवेश व एकच उपाहारगृह आले. त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण १८ जुलै २०१२ रोजी त्याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात हिंसाचार झाला आणि एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्याआधी वर्षभर संघटनेच्या मान्यतेवरून आणि कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावरून तिथे तंटा चालू होता. हिंसेचे समर्थन होऊच शकत नाही. पण गणवेश एक केला की सगळे एक होतात हा भाबडेपणाही टिकत नाही. खुद्द जपानमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच गटातल्या दाइहात्सू कंपनीच्या ६४ मॉडेलांच्या सुरक्षा-चाचण्यांत गैरप्रकार आढळले आणि तिला मोटारी पाठवणे थांबवावे लागले. चौकशी समितीने त्याचे कारण वेळापत्रकाचा अतिरेकी ताण हे दिले. दोरी टोयोटाच्या घराण्यातली. पण ‘वेळ पुरत नाही’ असे वर सांगायची सोय तिथे उरली नव्हती.

डाव्या रकान्यातही असेच घडले. २०१३ साली जनरल मोटर्सने भारतात टवेरा जातीच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. धुराच्या तपासणीसाठी निवडक इंजिने बसवून गाड्या पास करून घेतल्या जात होत्या, असे उघड झाले. शेवटच्या तपासणीवर विसंबले की लोक माल सुधारण्याऐवजी तपासणी सांभाळू लागतात, याचे हे ठळक उदाहरण. परीक्षेपुरता अभ्यास पाहणाऱ्या शिक्षकांना ते वेगळे समजावायला नको.

पुन्हा मावळात

आता तळेगावला परत येऊ. सप्टेंबर २००८ मध्ये कारखाना सुरू झाला आणि नऊ महिन्यांत, जून २००९ मध्ये, अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी तिने फ्रीमाँटच्या भागीदारीतून अंग काढले. १ एप्रिल २०१० रोजी नुम्मीची शेवटची मोटार बाहेर पडली. पंचवीस वर्षे दोरी ओढणाऱ्या त्या कामगारांचा कारखाना सदोष मालामुळे बंद पडला नाही.

तळेगाव चालू राहिले. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणे थांबवले. त्यानंतर इथल्या गाड्या मेक्सिकोसारख्या देशांत जात. डिसेंबर २०२० मध्ये तेही संपले. एका चिनी कंपनीशी कारखाना विकण्याचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला होता, पण शेजारी देशांतल्या गुंतवणुकीचे नियम बदलले आणि २०२२ मध्ये तो करार बारगळला. हजाराहून अधिक कामगारांचा प्रश्न लोंबकळत राहिला. बंदची परवानगी आणि भरपाई यांवरून संघटना, कंपनी आणि सरकार यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाई या कोरियन कंपनीने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. इमारतीचा पुनर्जन्म झाला. मधल्या वर्षांत ज्यांचे हप्ते थकले आणि ज्यांची मुले आपल्याच वर्गांत बसत होती, त्यांच्यासाठी दोन रकान्यांच्या तक्त्यात एकही ओळ नाही. कारण हा कारखाना बंद करण्याचा निर्णय तळेगावच्या पट्ट्यावर झालाच नाही. तो दूर, मूळ कंपनीच्या हिशेबात झाला. पट्टा थांबवायची दोरी कामगाराच्या हाती देता येते. कारखाना थांबवण्याच्या निर्णयाला मात्र अशी दोरी नसते.

मावळचेच आणखी एक उदाहरण देऊन हा मुद्दा संपवू. मुंबईचे डबेवाले बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतले. १८९० पासूनचा हा व्यवसाय. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे यांची खूण. ती वाचून डबा चार-सहा हातांतून योग्य मजल्यावर पोचतो आणि परत येतो. मालाबरोबर फिरणारी माहिती, साठा शून्य, चूक झाली तर त्याच दिवशी कळते : कानबानची सारी लक्षणे, कुठल्याही जपानी पुस्तकाशिवाय. फोर्ब्स मासिकाने १९९८ मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या काळात ‘सिक्स सिग्मा’चा अमेरिकन शिक्काही त्यांच्यावर बसला. दहा लाखांत ३.४ हून अधिक चुका नाहीत असा त्या शिक्क्याचा अर्थ. पण तो मोजणीतून आला नाही. बोलण्यातल्या एका अंदाजाचा पुढे आकडा झाला. डबेवाल्यांचे काम उत्तम आहेच. त्याला उसन्या पदवीची गरज नाही. आमचे म्हणणे इतकेच की त्यांच्या उत्तमपणाचे एक कारण असे, की ते गटाचे भागीदार आहेत, नोकर नव्हेत. चूक झाकून कुणाचा फायदा होत नाही. आणि तरीही २०२० च्या टाळेबंदीत कार्यालये बंद झाली तेव्हा त्यांतले किती तरी जण गावी परतले आणि संख्या खूप घटली. काम बिनचूक असणे आणि काम टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या हातात बरीचशी असते, दुसरीसाठी समाजाला वेगळी व्यवस्था करावी लागते.

वर्गात करून पाहण्यासारखे

शेवटी एक प्रयोग. आठवी-नववीच्या मुलांचे चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाने कागदी होड्या करायच्या, प्रत्येकाने ठरलेल्या घड्या घालून पुढे द्यायचे. पहिल्या फेरीत दहा-दहा कागदांचा गठ्ठा पूर्ण झाल्यावरच पुढे द्यायचा. दुसऱ्या फेरीत एकेक कागद पुढे द्यायचा आणि वाकडी घडी दिसली की ‘थांबा’ म्हणायचे. पहिली होडी किती वेळात तयार झाली, चूक सापडेपर्यंत किती कागद वाया गेले, हे फळ्यावर मांडा. गणित मुलांनाच दिसेल.

मग तिसरी फेरी घ्या. सगळे दुसऱ्या फेरीसारखेच, फक्त आधी जाहीर करा की ज्याच्यामुळे ‘थांबा’ म्हणावे लागेल त्याचे गुण कापले जातील. ‘थांबा’ किती वेळा ऐकू येते आणि वाकड्या होड्या किती निघतात, ते मोजा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत मुले तीच, कागद तेच आणि घड्याही त्याच. बदलले असेल ते फक्त चूक सांगणाऱ्याचे भवितव्य. दोन रकान्यांचा तक्ता पुसून त्या जागी फळ्यावर या तीन फेऱ्यांचे आकडे लिहावेत, असे आम्ही सुचवू.